गरुडाचा पत्ता कुणाला सांगू नका!

रात्रीचे साडेनऊ. अमेरिकेतल्या क्लायण्टबरोबरचा कॉल लांबलाय, तुमचा माइक म्यूटवर आहे आणि लॅपटॉपवर शेजारी दुसरी विण्डो उघडी आहे. तिच्यात काय असेल? क्रिकेटचा स्कोअर? सेलमधले शूज? माझ्या ओळखीतल्या किमान तिघांच्या त्या विण्डोत एक घरटं असतं. कॅलिफोर्नियात, बिग बेअर लेकजवळ, एका उंचच उंच पाइनच्या शेंड्यापाशी. आपल्याकडे रात्र झाली की तिथे सकाळ होत असते. जॅकी नावाची बॉल्ड ईगल मादी आणि शॅडो नावाचा तिचा नर, या दोघांचा संसार 'फ्रेण्ड्स ऑफ बिग बेअर व्हॅली' ही तिथली संस्था कॅमेरा लावून सगळ्या जगाला लाइव्ह दाखवते.

संसारही कसा, तर एकदम डेली सोप! २०२३ मध्ये अंडी गेली. २०२४ मध्ये जॅकी तीन अंड्यांवर आठवडेच्या आठवडे बसून राहिली, अंगावर बर्फ साचला तरी हलली नाही, पण एकही अंडं फुटलं नाही. मग मार्च २०२५ मध्ये तिन्हीच्या तिन्ही अंड्यांतून पिल्लं बाहेर आली. त्यातलं एक बर्फाच्या वादळात गेलं. उरलेली दोन, सनी आणि गिझमो, जूनमध्ये उडाली. माझ्या एका मैत्रिणीने तेव्हा ऑफिसात चक्क पेढे वाटले. कशाचे म्हणून विचारलं तर म्हणाली, "घरातलंच कार्य समज रे!"

मी तिला विचारलं, "आणि आपल्याकडचा गरुड घरटं कुठे करतो?"

"डिस्कव्हरीवर!"

हसलो आम्ही दोघंही. पण तिचं उत्तर आपल्या सगळ्यांचंच आहे. गरुड म्हटलं की आपल्याला आठवतो तो देवळासमोर हात जोडून बसलेला दगडी गरुड, नाहीतर अमेरिकेचं बोधचिन्ह. मासे धरणारा, काटक्या गोळा करणारा, पोरं वाढवणारा जिवंत गरुड मुंबई-पुण्याहून एका रात्रीच्या एसटीच्या अंतरावर राहतो, हे डोक्यातच येत नाही. आणि नेमके हेच दिवस त्याच्या घरी धावपळीचे असतात.

कोकणातले जॅकी आणि शॅडो

याचं पुस्तकी नाव पांढऱ्या पोटाचा समुद्रगरुड. बॉल्ड ईगलचा हा जवळचा भाऊबंद. पंख पसरले की या टोकापासून त्या टोकापर्यंत सुमारे दोन मीटर, म्हणजे आपण दोन्ही हात ताणून उभे राहिलो तरी कमीच पडू. डोकं, मान, पोट पांढरंशुभ्र, पाठ करडी, पंखांची कड काळी. शेपूट आखूड आणि पाचरीसारखी. हवेत तरंगताना पंख थोडे वर उचललेले असतात, इंग्रजी 'व्ही' काढल्यासारखे. किनाऱ्यावर ज्या हजार घारी फिरत असतात त्यांच्यातून हा 'व्ही' एकदा का ओळखता आला, की बाकी पुस्तक नाही उघडलं तरी चालतं.

खाणं मासे आणि समुद्रसाप. श्वास घ्यायला वर आलेला साप पाण्यावरून अलगद उचलायचा आणि झाडावर नेऊन निवांत खायचा. घरट्याखाली सापाच्या मणक्यांचा आणि माशांच्या काट्यांचा सडा पडलेला असतो. आवाज मात्र या रुबाबाला शोभत नाही. नाकात बोलल्यासारखा, जवळजवळ बदकासारखा, पण लांबवर ऐकू जाणारा. नर-मादी अनेकदा जुगलबंदी करतात.

आता घरटं. समुद्रगरुड दरवर्षी नवं घर बांधत नाही. गावाजवळचं जुनं, उंच, किनाऱ्यावर नजर ठेवता येईल असं झाड तो निवडतो. आंबा, सुरू, वड, जे असेल ते. आणि मग वर्षानुवर्षं त्याच घरट्यावर काटक्या रचत राहतो. घरटं दीड मीटर रुंद होतं, कधी त्याहून मोठं. पावसाळा सरला की डागडुजी सुरू. हिवाळ्यात साधारण दोन अंडी. दीडेक महिना ती उबवायची, त्यानंतर अडीच महिन्यांच्या आसपास पिल्लं घरट्यातच वाढवायची. म्हणजे आंब्याच्या मोहोराच्या कैऱ्या होऊ लागतात तेव्हा अनेक घरट्यांत तपकिरी रंगाची, जवळजवळ आईबापाएवढी झालेली पोरं कडेवर उभी राहून पंख फडफडवत असतात. शिमग्याला तुम्ही गावी जाता ना? पालखी नाचते त्याच दिवसांत ही पोरंही नाचत असतात. फक्त आपण वर बघत नाही.

हे सगळं एका झाडावर अवलंबून असतं, ही यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. तसं झाड तयार व्हायला पिढ्या जातात. ते तोडायला एक दुपार पुरते.

कासवांच्या आधी गरुड

वेळासला कासवं बघायला गेला असालच. नसाल गेलात तर तुमच्या ऑफिसमधलं कुणीतरी नक्की गेलंय आणि त्याने तुम्हाला रील पाठवलंय. रत्नागिरी जिल्ह्यातलं, मंडणगड तालुक्यातलं हे छोटंसं गाव, नाना फडणवीसांचं मूळ गाव. पण २००६ पासून भरणाऱ्या कासव महोत्सवामुळे ते शहरातल्या मंडळींच्या नकाशावर आलं. ऑलिव्ह रिडले कासवांची इवलीशी पिल्लं सकाळ-संध्याकाळ समुद्रात सोडतात, आणि गावातल्या घरांत आपण मोदक-सोलकढी हाणतो.

पण या गोष्टीची सुरुवात कासवापासून नाही, गरुडापासून होते. चिपळूणची 'सह्याद्री निसर्ग मित्र' ही विश्वास ऊर्फ भाऊ काटदरे यांची संस्था कोकण किनाऱ्यावरच्या समुद्रगरुडांच्या घरट्यांचा अभ्यास करत होती. गावोगाव फिरायचं, घरटी शोधायची, नोंदी ठेवायच्या, झाडाच्या मालकाशी बोलायचं. २००२ मध्ये या कामासाठी वेळासला गेले असताना त्यांना वाळूत कासवाच्या अंड्यांची टरफलं दिसली. तेव्हा अंडी उकरून नेली जायची. संस्थेने गावकऱ्यांनाच सोबत घेऊन अंडी राखायला सुरुवात केली. पुढचं आपल्याला रीलमध्ये दिसतंच.

म्हणजे बघा, कुणीतरी मान वर करून गरुड बघत होतं, म्हणून कासवं वाचली. घरटी मोजण्याचं काम दिसायला एकदम बोअर. एक्सेल शीट भरण्यासारखंच. पण त्याच शीटमुळे पुढे काहीतरी घडतं.

अमेरिकेतल्या बॉल्ड ईगलचंही तसंच. डीडीटी हे कीटकनाशक माशांतून गरुडांच्या अंगात जायचं, अंड्यांचं कवच पातळ व्हायचं आणि उबवायला बसलेल्या आईच्याच वजनाने अंडी फुटायची. अलास्का आणि हवाई सोडून उरलेल्या अमेरिकेत १९६३ मध्ये घरटी करणाऱ्या जोड्या उरल्या होत्या फक्त ४१७. मोजल्या म्हणूनच हा आकडा कळला आणि धक्का बसला. १९७२ मध्ये डीडीटीवर बंदी आली, २००७ मध्ये बॉल्ड ईगल धोक्यातल्या पक्ष्यांच्या यादीतून बाहेर पडला आणि २०२१ मध्ये सरकारी अहवालात आकडा आला ७१,४०० जोड्या. आपल्या दुसऱ्या विण्डोतली जॅकी या ७१,४०० मधलीच एक.

चार पावलं पुढे गेलं तर काय होतं?

आता आपण मुद्द्यावर येऊ. हे वाचून तुमच्यातल्या कुणाच्या तरी डोक्यात आलंच असेल, 'सॉलिड! या शनिवारी कॅमेरा घेऊन निघू. घरट्याचं लोकेशन कोण देतंय?'

बॉस, तिथेच थांबा.

हल्ली काय होतं ते आपल्याला माहीत आहे. कुणीतरी घरट्याचा क्लोजअप टाकतो. खाली पन्नास जण विचारतात, 'लोकेशन प्लीज'. तो भिडस्त असतो, एकाला पाठवतो. तो एक त्याच्या ग्रुपवर टाकतो. शनिवारी दोन गाड्या येतात, रविवारी सात. कुणी झाडाच्या बुंध्याशी उभा, कुणी फांदी आड येते म्हणून ती वाकवतोय, कुणी ड्रोन काढतोय. कुणाचाही हेतू वाईट नसतो. सगळ्यांचं पक्ष्यांवर प्रेमच असतं. घरटं मात्र संपतं.

कसं, ते नीट समजून घेऊ. माणूस जवळ आला की गरुड उठून उडतो. त्याला आपण 'घाबरला' म्हणतो आणि विसरतो. पण तो उठला म्हणजे अंडी उघडी पडली. हिवाळ्यातल्या पहाटे ती गार पडतात. पिल्लं असतील तर उलटं. फेब्रुवारीतलं कोकणातलं दुपारचं ऊन आठवा. सगळ्या अंगावर पिसं न आलेल्या पिल्लासाठी आईच्या पंखांची सावली हेच छप्पर. ती अर्धा तास आली नाही तरी जीव धोक्यात. त्यात कावळा हा महाहुशार. आई उठली की तो तयारच असतो.

आणि सगळ्यात वाईट वेळ कुठली, तर जी आपल्याला सगळ्यात फोटोजेनिक वाटते ती. पोरं मोठी झाली आहेत, कडेवर उभी आहेत, उडायला अजून आठवडाभर आहे. अशा वेळी खाली गलका झाला की पोर बिचकून उडी मारतं. पंखांत बळ नसतं. ते खाली झुडपात पडतं आणि मग कुत्री असतातच.

तुम्ही म्हणाल, पण त्या झाडाखालून वाडीतली माणसं रोज जात नाहीत? गडी कामं करत नाहीत? जातात की. पण ते रोजचं असतं. तीच माणसं, तीच वाट, तीच वेळ, आणि ती वर बघत थांबत नाहीत. गरुडाला त्याची सवय असते. अनोळखी माणूस येऊन झाडाखाली थांबतो आणि टक लावून वर बघतो, याचा अर्थ जनावराच्या भाषेत एकच: हा शिकारी.

गंमत म्हणजे कायद्याचंही मत तेच आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात 'शिकार' या शब्दाच्या व्याख्येत रानपक्ष्यांची अंडी फोडणं तर येतंच, पण त्यांच्या अंड्यांना किंवा घरट्याला त्रास देणंही येतं. हातात बंदूक असायलाच हवी असं नाही. लेन्सही चालते.

मग बिग बेअरच्या कॅमेऱ्याचं काय? तो तर एकदम घरट्याच्या वर आहे! खरंय. पण तो एक यंत्र आहे, एका जागी गप्प बसलेलं. आणि त्या घरट्याच्या आजूबाजूचं जंगल हंगामात लोकांसाठी बंद असतं. लाखो लोक बघतात, पण झाडाखाली जाऊन कुणी उभं राहत नाही. लाइव्ह स्ट्रीमने आपल्याला सवय लावली ती अंतर शून्य करून बघण्याची. त्या अंतराची राखण कुणीतरी करतंय, हे स्क्रीनवर दिसत नाही.

मग बघायचं कसं?

लांबून. आणि वेळ काढून. एवढाच फंडा.

वेळासला कासवांची वेळ सकाळी आणि संध्याकाळी. मधला अख्खा दिवस बहुतेक जण फोनला रेंज शोधण्यात घालवतात. त्याऐवजी बाणकोटच्या किल्ल्यावर जा, सावित्री नदी समुद्राला मिळते ते बघत सावलीत बसा. नाहीतर हर्णैच्या बंदरावर जा. मासळीवर ब्राह्मणी घारी तुटून पडत असतात: डोकं-छाती पांढरी, बाकी अंग विटकरी. साध्या घारीची शेपूट मधे खाचलेली, ब्राह्मणी घारीची गोल आणि समुद्रगरुडाची पाचरीसारखी. या तीन शेपट्या ओळखायला शिकणं हाच एका वीकएण्डचा मस्त प्रोजेक्ट आहे. दहा-अकराला ऊन तापलं की गरम हवेवर स्वार होऊन तो वर येतो. घरटं न बघताही कळतं, पायात मासा घेऊन तो पुन्हा पुन्हा एकाच दिशेला जातोय, म्हणजे तिकडे घरी कुणीतरी भुकेलं आहे. एवढं कळलं की झालं. त्या दिशेला चालत जायची गरज नसते.

डोंगरवाल्यांसाठी दुसरा गरुड आहे, तुरेवाला सर्पगरुड. बोरिवलीचं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान, कर्नाळा, ताम्हिणी, कुठेही सकाळी दहानंतर वरून 'की-की, कीऽऽ' अशी हाक आली तर मान वर करा. पंखाखाली रुंद पांढरा पट्टा दिसला की तोच. त्याचा घरट्यांचा हंगाम आत्ता कुठे सुरू होतोय आणि अंडं घालतो तो बहुधा एकच. एकच! म्हणजे वर्षभराची सगळी कमाई त्या एका अंड्यावर. सह्याद्रीच्या कड्यांवर बोनेली गरुडही घरटी करतो. तेव्हा क्लाइंबिंगचा किंवा रॅपलिंगचा बेत असेल आणि कड्यावर काटक्यांचा ढीग दिसत असेल, पांढऱ्या विष्ठेचे ओघळ दिसत असतील, तर त्या सीझनला तो कडा सोडून द्या. सह्याद्रीत कड्यांची टंचाई नाही.

गरुड नाही, घार तर आहे!

'आम्हाला शनिवारी पण ऑफिस असतं' असं म्हणणाऱ्यांसाठी ही गोष्ट. माझा एक मित्र ठाण्याला नवव्या मजल्यावर राहतो. बेडरूमच्या खिडकीखाली मोठं रेन ट्री. त्यावर घारीच्या जोडीने घर केलं. संक्रांतीच्या सुमारास काटक्या जमा होऊ लागल्या. (नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्येच देशभर बंदी घातली, तरी झाडांवर तो लटकलेला दिसतोच. घारींच्या घरट्यांचे दिवस आणि पतंगांचे दिवस एकच, हे पुढच्या जानेवारीत लक्षात असू द्या.) फेब्रुवारीत मादी बसली. मार्चमध्ये दोन पिल्लं.

आणि मार्चमध्येच सोसायटीत बोंब झाली. गच्चीवर पापड घालायला गेलेल्या काकूंच्या डोक्यावरून घार झेपावली. ग्रुपवर मेसेज, व्हिडिओ, 'मुलांना धोका'. पावसाळ्याआधी झाडं छाटायची असतातच, ती आत्ताच छाटून टाकू, असं ठरलं. येत्या रविवारी माणसं येणार. मित्राने भांडण केलं नाही, ग्रुपवर निबंधही लिहिला नाही. तो सेक्रेटरींकडे गेला.

"काका, पाच मिनिटं घरी येता? चहा टाकतोय."

"चहा घेईन, पण झाडाबद्दल बोलू नकोस. उद्या कुणाच्या डोक्याला लागलं तर जबाबदार कोण?"

"बोलत नाही. फक्त खिडकीतून बघा."

काका दुर्बीण घेऊन बसले. नर उंदीर घेऊन आला. मादीने त्याचे बारीक बारीक तुकडे केले आणि आधी धाकट्याला भरवले, मग थोरल्याला. स्वतः काही खाल्लं नाही. काका गप्प. चहा गार झाला. मग एकदम ओरडले, "अरे! हा घरट्यात आमचा नॅपकिन आहे! महिनाभर ही मला म्हणतेय, तुम्हीच हरवलात म्हणून!"

दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये नोटीस लागली. 'घारीची पिल्लं लहान असल्याने एप्रिलअखेरपर्यंत गच्ची सकाळी व दुपारी बंद राहील. अगदीच जावं लागल्यास छत्री न्यावी. झाडांची छाटणी मेमध्ये होईल.' खाली सेक्रेटरींची सही. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात दुसरं पिल्लू उडालं, तेव्हा ग्रुपवर पहिला मेसेज पापडवाल्या काकूंचा होता.

लक्षात घ्या, त्या मित्राने काय केलं? घरट्याजवळ कुणाला नेलं नाही. दुर्बिणीतून दाखवलं. लांबून. आणि बघितल्यावर माणूस बदलला. बघणं वाईट नाहीच. उलट जितके जास्त लोक बघतील तितकं बरं. फक्त अंतर राखून.

छाटणीचं हे मनावर घ्याच. शहरात झाड तोडायला, छाटायला महापालिकेची परवानगी लागते, राज्यात १९७५ पासून तसा कायदा आहे. परवानगी असली तरी त्या आठवड्यात झाडावर घरटं आहे का, हे बघायला कुणी येणार नसतं. ते आपल्याच खिडकीतून बघायचं असतं.

कॉफी ब्रेकमध्ये आणखी कोण?

घारही नसेल तरी निराश होऊ नका. सध्या शहरातला जवळजवळ प्रत्येक पक्षी घरच्या कामात आहे.

टुक-टुक-टुक असा ठोका दिवसभर ऐकू येतो, तो तांबट. चिमणीपेक्षा थोडा मोठा, हिरवा, कपाळावर लाल टिळा. वाळलेल्या फांदीला खालच्या बाजूने गोल भोक पाडत असतो. म्हणून वाळकी फांदी दिसली की लगेच 'धोकादायक' म्हणून पाडू नका, आधी खालून एकदा बघा. पोपटांची जोडी जुन्या झाडाच्या ढोलीवरून साळुंक्यांशी भांडताना दिसेल. शिंजीर म्हणजे सूर्यपक्षी, कुंडीतल्या वेलीला नाहीतर चक्क बाल्कनीतल्या वायरीला लोंबणारी पिशवी विणतो. कोळ्याचं जाळं, कागदाचे कपटे, वाळलेली पानं, वर छोटंसं छज्जाही. लांबून ते कचऱ्यासारखंच दिसतं, आणि तसं दिसावं हाच तर त्याचा उद्देश. बाल्कनी झाडताना जरा जपून!

पळस, पांगारा आणि काटेसावर फुललीय. त्यावर सकाळी गुलाबी-काळ्या भोरड्यांची नुसती पार्टी असते. हे पाहुणे आता मध खाऊन थोडेच दिवसांत मध्य आशियाकडे निघतील. कोकिळाने गळा साफ करायला घेतलाय. पहाटे चारला तो सुरू झाला की शिव्या देण्याआधी एवढं आठवा, त्याला स्वतःचं घरटं बांधायचं नाही, कावळ्याचं शोधायचंय. कावळे आता लवकरच कामाला लागतील.

एवढं लक्षात ठेवा

एक, दुर्बीण आधी, कॅमेरा नंतर. आठ बाय बेचाळीसची साधी दुर्बीण अनेक वर्षं पुरते. लांबची लेन्स घ्यायला पैसे नाहीत म्हणून जवळ जाऊ नका.

दोन, पक्षी तुमच्याकडे बघायला लागला, ओरडायला लागला, उठून घिरट्या घालायला लागला, तर तुम्ही जवळ आला आहात. मागे फिरा, तेही लगेच.

तीन, घरट्यापाशी ड्रोन नाही, फ्लॅश नाही, मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवणं नाही, फांद्या बाजूला करणं नाही.

चार, फोटो टाकलात तरी लोकेशन टाकू नका. तालुक्याचं नाव पुरे. मागची खूण, मंदिर, विहीर, टॉवर फोटोत दिसत असेल तर तोही टाकू नका.

पाच, नोंद मात्र ठेवा. 'ईबर्ड' हे मोफत ॲप आहे. त्यात काही संवेदनशील पक्ष्यांच्या जागा लोकांपासून मुद्दाम लपवून ठेवतात. दरवर्षी फेब्रुवारीच्या मध्यावर चार दिवस 'ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउण्ट' असतो, भारत त्यात २०१३ पासून आहे. फक्त पंधरा मिनिटं एका जागी थांबून दिसतील ते पक्षी मोजायचे. ऑफिसच्या गेटवरच्या चहाच्या टपरीवर उभं राहूनसुद्धा चालतं. ४१७ हा आकडा कुणीतरी असंच उभं राहून मोजला होता.

आपण सगळंच शेअर करतो. जेवणाचं ताट, सुट्टीचं तिकीट, पायाचं प्लॅस्टर. त्यात एखादी गोष्ट फक्त आपल्याला माहीत असणं, आणि ती सांभाळणं, याचीही एक वेगळी मजा आहे. कोकणातल्या एका आंब्याच्या वाडीचे मालक मला म्हणाले होते, "आमच्या झाडावर ह्यो माझ्या आज्याच्या वेळेपासून हाय. आमी सांगत नाय कोणाक." त्यांनी मलाही घरटं जवळून दाखवलं नाही. पडवीतून बोट दाखवलं, तिकडे लांब, माडांच्या वर, एक काळा ठिपका. त्यातून एक पांढरा ठिपका उठला आणि समुद्राकडे गेला. आम्ही तासभर बसलो. तो परत आला तेव्हा पायात काहीतरी लांबडं वळवळत होतं.

कुठे होतं म्हणता? कोकणात. एवढंच.